घरातल्या शब्दांची विचारपूस

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी फिनलंडमध्ये, तांपेरे गावी असतो. परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना सूनबाई भांडी विसळत होती. विसळलेलं ताट ओट्यावर पालथं न घालता तशीच ओली ताटं, वाट्या डोक्यावरच्या कपाटात ठेवत होती. मी म्हटलं, अगं पुसून तरी ठेव, लाकूड फुगेल. तिनं फोन वर धरून दाखवला, तर कपाटाला तळच नाही! पाणी निथळून खालच्या सिंकमध्ये पडतं. वस्तू मला फार आवडली. नाव विचारलं, तर तिनं चिठ्ठीवर लिहून पाठवलं : ‘आस्तिआनकुइवाउसकाप्पि’. यातलं ‘काप्पि’ म्हणजे आपलं ‘कपाट’च ना? आणि साध्या कपाटाला एवढं लांबलचक नाव कशासाठी?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, काप्पि आणि कपाट हे कानाला इतके जवळचे आणि अर्थानंही एकच. पत्र वाचताना माझ्याही मनात आधी तेच आलं. पण या दोघांचं काही नातं नाही. दोघं दोन वेगळ्या वाटांनी चालत आले आणि योगायोगानं एका ठिकाणी भेटले.

आपलं कपाट संस्कृतातलं. तिथं त्याचा अर्थ दाराची फळी. तोंडातोंडी ‘प’चा ‘व’ झाला, ‘ट’चा ‘ड’ झाला आणि कवाड तयार झालं. इकडे अंबाजोगाईच्या आसपासच्या खेड्यांत अजून ‘कवाड पुढं कर’ असंच म्हणतात, ‘दार लाव’ म्हणणारे शहरातले. म्हणजे कवाड आणि कपाट हा मुळात एकच शब्द. एक घराघरांत झिजत आला, दुसरा पोथीतून जसाच्या तसा उचलला गेला. फळ्यांची दारं लावलेली जी वस्तू भिंतीशी उभी राहिली, तिला दुसरा चिकटला.

काप्पि आला स्वीडिश भाषेतून. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता, कित्येक शतकं. स्वीडिशमध्ये कपाटाला आज ‘स्कोप’ म्हणतात, जुन्या काळी ‘स्काप’ म्हणत. त्यांनाही तो शब्द बाहेरूनच मिळालेला, उत्तर जर्मनीतल्या व्यापाऱ्यांच्या बोलीतून. हान्सा नावाच्या व्यापारी संघाची गलबतं बाल्टिक समुद्रात फिरत तेव्हाची ही गोष्ट. त्या बोलीत या शब्दाचे अर्थ दोन होते : कपाट आणि भांडं. म्हणजे आपला शब्द दारापासून कपाटापर्यंत आला आणि त्यांचा भांड्यापासून. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. सूनबाईंच्या त्या लांब शब्दाच्या पहिल्या टोकाला भांडं आहेच (आस्तिआ म्हणजे भांडं), आणि शेवटच्या काप्पिच्याही मुळाशी जुनं भांडंच निघालं.

मग ‘स्काप’चा काप्पि कसा झाला? फिन्निशच्या जुन्या घडणीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही. परक्या शब्दाचं पुढचं व्यंजन ते लोक सरळ गाळून टाकत आणि शेवटी स्वर लावत. स्वीडिश ‘स्तूल’, म्हणजे खुर्ची, तिथं ‘तुओलि’ झाली. ‘ग्लास’चं ‘लासि’ झालं. ‘स्ट्रांड’ म्हणजे समुद्राचा काठ, तर पुढची दोन व्यंजनं गेली आणि ‘रांता’ उरला. त्याच रीतीनं स्कापचा ‘स’ गळला, शेवटी ‘इ’ लागली. स्वीडिश लोक आज ‘ओ’ म्हणतात, पण फिन्निशनं जुना ‘आ’ जपून ठेवला. परभणीकडची म्हातारी माणसं ‘टेशनावर गाडी आली’ म्हणतात तेव्हा त्यांची जीभ अगदी हेच करत असते. कुणी ‘इस्टेशन’ म्हणतात, कुणी ‘इस्टो’ पेटवतात, तिथं ‘स’ गाळण्याऐवजी पुढं ‘इ’ लावली जाते. माझ्या वर्गात एखादी मुलगी ‘टेशन’ म्हणाली की बाकीच्या हसायच्या. मी त्यांना सांगायचे की जिभेला जड जाणारं जोडाक्षर सोपं करणं हे जगातल्या कितीतरी भाषा करतात आणि त्याला नियम असतो. आज सांगायला फिनलंडचं उदाहरण मिळालं.

उसन्या शब्दांची खंतही नको. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतो, कचेरीची भाषा उर्दू होती, आणि आपल्या भांड्यांतही रकाबी, तश्तरी, तबक येऊन बसले. फिनलंडच्या स्वयंपाकघरात तसे स्वीडिश शब्द आहेत.

आता त्या नावाची उकल. तीन तुकडे आहेत : आस्तिआन, कुइवाउस, काप्पि.

मधला तुकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ‘कुइवा’ म्हणजे कोरडा. त्यावरून दोन क्रियापदं होतात. ‘कुइवुआ’ म्हणजे आपोआप वाळणं आणि ‘कुइवाता’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम वाळवणं. मराठीत वाळणे आणि वाळवणे यांत आहे तोच फरक, आणि तोही शब्दाच्या पोटात एक अक्षर बदलून दाखवलेला. कुइवाता वरून ‘कुइवाउस’, वाळवण्याची क्रिया. आपण वाळवणे वरून ‘वाळवण’ केलं तसं. फक्त आपलं वाळवण पुढं उन्हातल्या कुरडया-पापडांचं झालं, त्यांचं क्रियेपुरतं राहिलं.

पहिला तुकडा ‘आस्तिआ’, भांडं. त्याला लागलेला ‘न’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या चा-ची-चे सारखा. आस्तिआन म्हणजे भांड्याचा, भांड्याचं. मग भांड्याचं वाळवणं, आणि त्यासाठीचं कपाट. समासात मुख्य शब्द शेवटी येतो हे मराठी वाचकाला शिकवायला नको : देवघर हे घर असतं, पोळपाट हा पाट असतो. तसं हे शेवटी काप्पि आहे. मात्र आपण समास करताना प्रत्यय गाळतो. देवाचं घर, देवघर. फिन्निशनं इथं ‘न’ ठेवला. संस्कृत व्याकरणात प्रत्यय न गळणाऱ्या समासाला अलुक् समास म्हणतात. ‘वाचस्पति’ घ्या. वाचः पति, वाणीचा स्वामी, आणि षष्ठीचा तो विसर्ग ‘स’ होऊन समासात शाबूत. दहावीच्या मुली या समासाला घाबरायच्या. पाच-सहा उदाहरणांच्या पलीकडे तो कुणाला दिसत नाही. फिन्निशमध्ये तो रोजच्या भांड्याकुंड्यांत आहे.

पण सगळीकडे ‘न’ येतोच असं नाही, आणि इथं खरी गंमत आहे. नुसतं भांडी ठेवायचं कपाट असेल तर त्याला ‘आस्तिआकाप्पि’ म्हणतात, ‘न’ शिवाय. मध्ये ‘वाळवणं’ आलं की लगेच विचारावं लागतं, कशाचं वाळवणं? भांड्याचं. त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी ‘न’ येतो. भांडी धुण्याच्या यंत्राचं नावही असंच आहे : आस्तिआन-पेसु-कोने, भांड्याचं-धुणं-यंत्र. नुसतं कपडे धुण्याचं यंत्र असेल तर ‘पेसुकोने’, तिथं काय धुवायचं ते सांगत नाहीत. भांडी अनेक असली तरी शब्दात एकच भांडं असतं, हेही आपल्यासारखंच. फुलदाणीत फुलं कितीही ठेवा, शब्दात एकच फूल.

बोलताना नाव आखूड करून ‘कुइवाउसकाप्पि’ही म्हणतात. पण ओले कोट, हातमोजे वाळवण्याचं गरम हवेचं कपाटही तिथं असतं आणि त्यालाही तेच नाव आहे. त्यामुळं घोळ होऊ नये म्हणून भांडं पुढं लावणं बरं. आणि सूनबाईंना विचारा, ‘कपाटात’ कसं म्हणतात? ‘काप्पिस्सा’ नव्हे, ‘कापिस्सा’. प्रत्यय लागला की जोड ‘प्प’ हलका होतो. आपल्या सामान्यरूपासारखंच, प्रत्यय येण्याआधी शब्द थोडा वाकतो.

एवढं व्याकरण झालं. आता तुमचा दुसरा प्रश्न, एवढं लांब नाव कशासाठी. याचं उत्तर व्याकरणात नाही, एका बाईच्या हिशेबात आहे, आणि ते सांगितल्याशिवाय या शब्दाची ओळख पुरी होत नाही असं माझं ठाम मत आहे.

माइयु गेबहार्ड (१८९६–१९८६) ही हेलसिंकीची. आईवडील दोघंही फिनलंडच्या सहकार चळवळीचे अग्रणी. वडिलांच्या पुढाकारानं १८९९ मध्ये पेल्लेर्वो ही सहकाराचा प्रसार करणारी संस्था उभी राहिली. आई हेडविग १९०७ मध्ये संसदेत निवडून आलेल्या पहिल्या एकोणीस स्त्रियांपैकी एक. मुलगी मात्र संसदेकडे वळली नाही, स्वयंपाकघराकडे वळली. ‘त्युओतेहोसेउरा’ नावाची संस्था १९२४ पासून फिनलंडमध्ये काम करते. (हाही समासच : काम-कार्यक्षमता-मंडळ.) शेतावर आणि घरात कामाला किती वेळ, किती कष्ट लागतात, ते कमी कसे होतील, याचा अभ्यास करणारी संस्था. तिच्या गृहकाम विभागाच्या प्रमुख माइयु गेबहार्ड होत्या.

त्यांनी हिशेब मांडला की भांडी धुण्यात आणि पुसण्यात एका घरातल्या बाईच्या आयुष्यातले जवळपास ३०,००० तास जातात. मी कागदावर भागून पाहिलं. रात्रंदिवस न थांबता धरले तर १,२५० दिवस, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास. रोज आठ तासांची पाळी धरली, एकही सुट्टी न घेता, तर दहा वर्षांहून जास्त. घरकामाला कुणी काम म्हणत नव्हतं त्या काळात हे तास मोजावेसे वाटले, याचंच मला अप्रूप आहे.

आणि मोजून त्या थांबल्या नाहीत. त्यातला कोणता भाग मुळीच करायला नको, हे त्यांनी शोधलं. घासणं सुटत नाही, विसळणं सुटत नाही. पण पुसणं? ते हवाच करते, आपण फक्त जागा द्यायची. शिवाय धुतलेलं भांडं आधी एका जागी निथळायला ठेवायचं, मग उचलून पुसायचं, मग दुसऱ्या जागी लावायचं, म्हणजे प्रत्येक भांडं दोनदा हाताळायचं. निथळायची जागा आणि ठेवायची जागा एकच केली तर हे सगळं वाचतं. १९४४-४५ मध्ये त्यांनी असं कपाट तयार केलं : सिंकच्या बरोबर वर, तळ नाही, फळ्यांच्या जागी लाकडी दांड्यांच्या चौकटी, पुढं दार. ओली भांडी आत गेली की दार लावायचं, पसारा दिसत नाही. अमेरिकेत अशा कपाटाचं पेटंट त्याआधी, १९३२ मध्ये, निघालं होतं. पण ते घराघरांत पोचलं फिनलंडमध्ये. युद्ध नुकतंच संपत होतं, पूर्वेकडच्या कारेलिया प्रदेशाचा मोठा भाग सोव्हिएत रशियाकडे गेल्यानं चार लाखांवर माणसं उठून आलेली, त्यांना नवी घरं हवी होती. एन्सो-गुट्झाइट या लाकडाच्या मोठ्या कंपनीनं १९४८ पासून ही कपाटं कारखान्यात बनवायला घेतली. १९५४ पासून लाकडी दांड्यांच्या जागी प्लास्टिकचा थर दिलेल्या तारेच्या जाळ्या आल्या. तुमच्या सूनबाईंच्या घरी पाहिल्या त्या याच.

म्हणून ताई, ते नाव लांब आहे. मधला ‘कुइवाउस’ काढला तर ते भांड्यांचं साधं कपाट होतं, जे आधीपासून होतंच. तो मधला तुकडा म्हणजे बायकांच्या हातून सुटलेलं काम. तो शब्दातून गाळायला मी तरी कुणाला सुचवणार नाही.

प्रश्न : फ्रीजला फिन्निशमध्ये ‘बर्फाचं कपाट’ म्हणतात असं वाचलं. बर्फ तर फ्रीझरमध्ये असतो, मग सगळ्या फ्रीजला बर्फ का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी

उत्तर : बरोबर वाचलंस. ‘याआकाप्पि’ : याआ म्हणजे बर्फ. इथं ‘न’ नाही हे पाहा. वीज येण्याआधीची कपाटं खरोखरच बर्फाची होती. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून करवतीनं बर्फाच्या लाद्या कापत, लाकडाच्या भुशात पुरून ठेवत आणि उन्हाळ्यात काढून कपाटाच्या एका कप्प्यात घालत. पुढं विजेचं यंत्र आलं, लादी गेली, नाव राहिलं. स्वीडिशनं नाव बदलून ‘थंडाव्याचं कपाट’ असं केलं, आणि फिन्निशची सख्खी बहीण एस्टोनियन, तीही ‘थंड कपाट’ म्हणते. फिन्निशनं मात्र बर्फ सोडला नाही. तुझ्या अभ्यासाला उपयोगी म्हणून एक गोष्ट लिहून ठेव : फिन्निश आणि एस्टोनियन या युरालिक कुळातल्या, हंगेरियनही त्यांची लांबची नातेवाईक. स्वीडिश त्या कुळातली नाही. ती इंडो-युरोपीय, म्हणजे कुळानं मराठीची दूरची बहीण.

प्रश्न : आमच्या घराचं काम चालू आहे. सिंकवर बिनतळाचं भांडी निथळायचं कपाट बसवावं असा विचार आहे. सुतार ‘क्रॉकरी’ म्हणतो, दुकानदार ‘डिश रॅक’ म्हणतो. मराठीत याला काय म्हणावं? आणि आपल्याकडे ते चालेल का?
— एक गृहिणी, अंबड

उत्तर : उदगीरच्या ताईंचं पत्र आणि तुमचं पत्र एकाच आठवड्यात आलं, म्हणून ही दोन्ही एकाच अंकात घेतली.

नावाचं आधी. फिन्निश नावाचा शब्दशः अनुवाद करून ‘भांडेवाळवणकपाट’ करू नका, कुणी म्हणणार नाही, आणि वाळवण म्हटलं की गच्चीवरच्या शेवया आठवतात. ओल्या भांड्यासाठी मराठीत नेमकं क्रियापद आहे, निथळणे. इटलीतही असलं कपाट घरोघर असतं आणि तिथल्या नावातही वाळणं नाही, निथळणंच आहे : ‘स्कोलापियात्ती’, ताटं निथळणारं. आणि ताटं उभी लावायच्या भिंतीवरच्या चौकटीला आपल्याकडे मांडणी म्हणतातच. स्टीलची मांडणी लग्नात रुखवतात आलेली कितीतरी घरांत आहे. तेव्हा माझ्या मते ‘निथळमांडणी’. सुताराला एकदा सांगितलं की पुन्हा विचारायला येणार नाही.

आपल्याकडे हा शब्द आजवर का लागला नाही, तेही सांगते. माझ्या सासरी भांडी अंगणात घासली जायची, चुलीतल्या राखेनं, आणि विसळून दुरडीत पालथी घातली की ऊन बाकीचं बघायचं. वैशाखात तर शेवटचं भांडं विसळेपर्यंत पहिलं कोरडं. फिनलंडच्या हिवाळ्यात अंगणात ओलं भांडं ठेवलं तर त्यावर बर्फ चढेल, तिथं वाळवण्याची सोय घरातच करावी लागली. आता लातूरला, संभाजीनगरला फ्लॅटमध्ये अंगण राहिलं नाही. ओट्यावर प्लास्टिकची टोपली आली, तिच्याखाली पाणी साचतं, ते पुसायचं वेगळं काम आलं, आणि भांडी पुसून मांडणीवर लावणं आहेच. गेबहार्डबाईंनी मोजलेलं दोनदा हाताळणं ते हेच. म्हणून बसवा, जरूर बसवा.

मात्र आपल्या पाण्याचा विचार करून. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी जड. थेंब वाळला की स्टीलवर पांढरा डाग राहतो. शेवटची विसळणी नळाच्या किंवा गाळलेल्या चांगल्या पाण्यात केली तर डाग कमी पडतात. पाण्याची ओढ असेल त्या दिवसांत हे जमत नाही, मला माहीत आहे. तेव्हा डाग राहू द्या, त्यानं भांडं अस्वच्छ होत नाही. पितळेची आणि तांब्याची भांडी मात्र यात ठेवू नका, ती पुसूनच ठेवावी लागतात, नाहीतर काळवंडतात. लोखंडी तवा आणि कढईही नको, गंज चढेल.

सुताराला तीन गोष्टी बजावून सांगा. कपाट सिंकच्या बरोबर वर हवं, अर्धं ओट्यावर आलं तर उपयोग नाही. तळाची फळी बसवायची नाही. सवयीनं तो बसवेल, म्हणून काम चालू असताना स्वतः उभ्या राहा. आणि बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडा, जिथं प्लायवूड उघडं राहतं, तिथं पाणी न शोषणारी पट्टी लावून घ्या. जाळी स्टीलची घ्या. उंची सुताराच्या मापानं ठरवू नका. घरात भांडी घासणारी जी कुणी असेल, तिला सिंकपाशी उभी करून, हात वर करायला लावून, तिथं खूण करा.